मोहफुलांच्या पिकातील व भावातील चढउतार : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मोह हा चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील पानगळी वनांचा एक प्रमुख वृक्ष होय. या वृक्षाचे फूल अन्न म्हणून खाल्ले जाते, गुरांना चारले जाते, बाजारात विकले जाते आणि त्यापासून मद्यही गाळले जाते. बियांपासून तेल मिळते. गोंड, माडिया, परधान, कोलाम आदी आदिवासी समाजांच्या विधींत मोहाला जे स्थान आहे, ते अन्य कोणत्याही वृक्षाला क्वचितच असेल. मात्र वनालगतच्या कुटुंबाच्या दृष्टीने मोहाचे सर्वांत निकडीचे महत्त्व आर्थिक आहे. खरिपाचे धान्य संपत आलेले असते, तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यात सुरू व्हायचा असतो आणि हाती रोख रक्कम नसते. अशा मार्च-एप्रिल महिन्यांत मोहफूल घरात पैसा आणते.

हे उत्पन्न अत्यंत अस्थिर आहे. एका वर्षी झाडाखाली फुलांचा सडा पडतो, तर पुढील वर्षी टोपलीही भरत नाही. भावाचेही तसेच. या अस्थिरतेचे खापर सामान्यतः निसर्गाच्या लहरीवर फोडले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी केली आहे. पिकातील चढउतार निसर्गाधीन आहेत हे खरे; परंतु त्या चढउतारांचा लाभ कोणाला व्हावा आणि तोटा कोणी सोसावा, हे मुख्यतः साठवणुकीच्या क्षमतेवर ठरते. ही क्षमता वेचणाऱ्याच्या हाती येऊ नये, अशीच कायद्याची दीर्घकाळ रचना होती, हे येथे स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे.

मोहाचा हंगाम व पिकाची अनिश्चितता

माघ-फाल्गुनात मोहाची पाने गळतात आणि फांद्यांच्या टोकांशी कळ्यांचे घोस येतात. फुलातील मांसल, पिवळसर पांढरा भाग रात्री व पहाटे गळून पडतो. गावातील स्त्रिया, मुले आणि वृद्ध उजाडण्यापूर्वीच झाडाखाली पोहोचतात. वेचलेली फुले अंगणात पसरून काही दिवस वाळवली जातात. ताज्या फुलांत पाण्याचे प्रमाण फार असल्यामुळे वाळल्यानंतर वजन निम्म्याहून पुष्कळ खाली येते, रंग तांबूस-तपकिरी होतो आणि गोडी घट्ट होते. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा फार मोठा हिस्सा शर्करेचा असतो. अन्न म्हणून आणि किण्वनासाठी अशा दोन्ही अर्थांनी मोहाचे मूल्य या शर्करेत आहे.

पिकाची अनिश्चितता तीन पातळ्यांवर निर्माण होते. पहिली पातळी वृक्षाच्या स्वभावाची. एका वर्षी भरघोस फुलोरा आल्यानंतर पुढील वर्षी तो बेताचा येणे, हा वेचणाऱ्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे. दुसरी पातळी हवामानाची. फुलोऱ्याच्या काळात आभाळ दाटून आले, वादळ वा गारपीट झाली, तर कळ्या झडतात. अंगणात वाळत घातलेली फुले अवकाळी पावसात भिजली, तर ती काळी पडतात, त्यांना बुरशी लागते आणि हातचे पीक जाते. म्हणजे झाडाने दिलेले पीक व घरात आलेले पीक या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तिसरी पातळी वेचणीच्या श्रमाची. फुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची पद्धत आहे. ही आग पसरून वनवणवा लागतो आणि नवी रोपे जळतात. आजच्या सोयीसाठी उद्याचे झाड नष्ट होते. झाडाखाली जाळी बांधून फुले झेलणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. दुसरीकडे, चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल, सावली या तालुक्यांत वाघांचा वावर वाढलेला आहे. पहाटेच्या अंधुक प्रकाशात वाकून फुले वेचणारी व्यक्ती वन्यप्राण्याच्या हल्ल्याला सहज बळी पडते. अशी घटना घडली की, त्या परिसरातील गावे कित्येक दिवस जंगलात जात नाहीत आणि झाडावर पीक असूनही ते बाजारात येत नाही.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. मोहाचे झाड फुलावर येण्यास अनेक वर्षे लागतात आणि त्याची शेतीसारखी लागवड होत नाही. भाव चढला म्हणून पुढील वर्षी अधिक पीक घेता येत नाही. भाव पडला म्हणून झाड उपटूनही टाकले जात नाही. पुरवठा भावाला प्रतिसाद देत नाही, अशा वस्तूच्या बाजारात समतोल राखण्याचे एकच साधन उरते. ते म्हणजे साठा.

एका वर्षातील दोन भाव

मोहफुलांच्या भावात दोन प्रकारचे चढउतार दिसतात. पहिला वर्षावर्षांतील, तर दुसरा एकाच वर्षातील. चर्चा बहुधा पहिल्याची होते. कुटुंबाच्या पदरी पडणारी झळ मात्र दुसऱ्याची अधिक असते.

हंगाम सुरू होताच आठवडी बाजारांत सर्वांची फुले एकाच वेळी येतात. लग्नसराईचा खर्च, किराणा दुकानाची उधारी, आजारपण आणि पुढे खरिपाचे बियाणे अशा निकडी विक्रेत्यापुढे उभ्या असतात. त्याला थांबता येत नाही. खरेदीदार मोजके असतात आणि त्यांना थांबता येते. काही गावांत तर फुलांच्या बदल्यात मीठ, तांदूळ वा किराणा देण्याची पद्धत दीर्घकाळ टिकून होती. अशा व्यवहारात भाव नावाची गोष्ट विक्रेत्याला दिसतही नाही.

पावसाळा सुरू झाल्यावर चित्र पालटते. फुले बाजारातून नाहीशी होतात, मागणी मात्र टिकून राहते. सण, विधी, पाहुणचार, गुरांचे खाद्य आणि चोरटी मद्यनिर्मिती यांना फुले लागतच असतात. ज्या कुटुंबाने एप्रिलमध्ये फुले विकली, त्याच कुटुंबावर श्रावण-भाद्रपदात तीच फुले चढ्या भावाने विकत घेण्याची पाळी येते. दोन भावांमधील अंतर हे ज्याच्याकडे कोरडी जागा आणि थोडे भांडवल असते, त्याचे उत्पन्न होय.

हे अंतर संपूर्णतः अन्यायाचे आहे, असे म्हणता येणार नाही. साठवणुकीला खर्च येतो. मोहफूल हवेतील ओल चटकन शोषून घेते. पावसाळ्यात त्याचे गोळे होतात, कीड लागते, वजन व प्रत दोन्ही घटतात. घरातील कणगीत ठेवलेली फुले काही महिने टिकतात. पण मोठ्या प्रमाणावर साठवायची तर पक्के गोदाम, हवाबंद पिंपे किंवा शीतगृह लागते. जोखीम पत्करणाऱ्याला काही मोबदला मिळणे अर्थशास्त्रीयदृष्ट्या रास्तच आहे. प्रश्न असा की, ही जोखीम पत्करण्याची संधी वेचणाऱ्यांना कधी मिळाली का? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मद्यनिर्मितीच्याच दुसऱ्या एका कच्च्या मालाचा इतिहास उपयोगी पडतो.

हॉप्सचा अनुभव : एक तुलना

बिअरला कडवटपणा व टिकाऊपणा देणारी हॉप्स ही वेलीची फुले होत. इंग्लंडमध्ये केंट, ससेक्स, हेरफर्डशायर, वुस्टरशायर या परगण्यांत त्यांची लागवड होई. मावा कीड व बुरशी यांमुळे हे पीक इतके बेभरवशाचे होते की, अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत त्या वर्षीच्या पिकावर किती अबकारी कर गोळा होईल, यावर उघडपणे पैजा लावल्या जात. हा कर १७११ मध्ये सुरू झाला आणि १८६२ मध्ये रद्द झाला. १८७८ मध्ये इंग्लंडमधील हॉप्सखालील क्षेत्र सुमारे ७२ हजार एकर या उच्चांकास पोहोचले होते. पुढे १८८२ मध्ये पीक जवळजवळ बुडाले, तेव्हा भाव कित्येक पटींनी वाढले आणि बिअर उत्पादकांना कडवटपणासाठी अन्य वनस्पतींचा आधार घ्यावा लागला.

अशा बाजारात बिअर उत्पादक टिकून राहिले, त्याचे एक महत्त्वाचे कारण जुना साठा हे होते. भरघोस वर्षी स्वस्तात घेतलेली हॉप्स दाबून भरलेल्या पोत्यांत ठेवली जात. वर्षागणिक त्यांचा गुण कमी होई आणि त्यानुसार भावही उतरे. परंतु वाईट वर्षी हाच साठा नव्या मालात मिसळून वापरला जाई. शीतगृहांचा प्रसार झाल्यावर हा आधार आणखी भक्कम झाला. उत्पादक शेतकरी मात्र बराच काळ उघड्यावरच राहिला. चांगल्या वर्षी भाव पडून तो बुडे आणि वाईट वर्षी विकायला माल नसे. १९३२ मध्ये हॉप्स विपणन मंडळ स्थापन होऊन उत्पादकांना लागवडीचे कोटे व एकत्रित विक्री यांचे संरक्षण मिळाले, तेव्हा त्याच्या स्थितीत पालट झाला. पुढे सुमारे अर्धशतक ही व्यवस्था टिकली.

या तुलनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, पिकाचे चढउतार थांबवता येत नाहीत, पण साठा व संघटित विक्री यांच्या बळावर त्यांचा आघात बोथट करता येतो. दुसरी, माहितीचे महत्त्व. हॉप्सवरील कराच्या आकड्यांमुळे देशातील एकूण पिकाचा अंदाज सर्वांना कळत असे. मोहफुलांच्या बाबतीत वेचणाऱ्याला आपल्या गावापलीकडे पीक कसे आहे, हे समजण्याचे साधन नसते. अनेक बाजारांतून माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याला ते नेमके समजते.

कायदा आणि साठवणूक

हॉप्सचा साठा करणे हा इंग्लंडमध्ये व्यापारी शहाणपणाचा भाग होता. मोहफुलांचा साठा करणे हा महाराष्ट्रात दीर्घकाळ संशयाचा विषय होता. त्याचे मूळ वसाहतकालीन अबकारी धोरणात आहे. मद्यापासून मिळणारा महसूल सुरक्षित राहावा, यासाठी मुंबई प्रांतात १८७८ चा अबकारी अधिनियम आला. त्यापुढे जाऊन १८९२ च्या अधिनियमाने ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत मद्याबरोबर मोहाच्या फुलावरही नियंत्रण आणले. मोह हे गरिबांचे अन्न आहे, हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला होता. परंतु महसुलाच्या विचारापुढे तो टिकला नाही. त्या वेळचा चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. तेथील अबकारी व्यवस्थेचा भर मद्य गाळण्याच्या व विकण्याच्या परवान्यांवर होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ संमत झाला. महसुलाऐवजी नैतिक व सामाजिक उद्दिष्ट पुढे आले. मोहफुलाकडे पाहण्याची दृष्टी मात्र तीच राहिली. फुलांचा संग्रह, वाहतूक व विक्री परवान्याच्या कक्षेत आली. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाल्यानंतर हा अधिनियम यथावकाश या भागालाही लागू झाला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हाही कायद्याची चौकट तीच होती.

या चौकटीचा भावावरील परिणाम सूक्ष्म, पण दूरगामी होता. परवान्याची कार्यपद्धती न जाणणाऱ्या कुटुंबाला घरातील फुलांची पोती ही संपत्तीपेक्षा अडचणच अधिक वाटे. तपासणी झाली तर हे अन्न, हा चारा की दारूचा कच्चा माल, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडे. त्यामुळे शक्य तितक्या लवकर फुले विकून मोकळे होणे हाच त्याच्या दृष्टीने सुरक्षित मार्ग होता. परवाना मिळवू शकणारा किंवा सीमेपलीकडच्या बाजारापर्यंत माल नेऊ शकणारा व्यापारी साठा करू शकत असे. अशा रीतीने साठवणुकीतील भीती वेचणाऱ्याच्या वाट्याला आली आणि साठवणुकीतील नफा व्यापाऱ्याच्या. हंगामातील भाव पडण्यास निसर्गाइतकीच ही व्यवस्थाही कारणीभूत होती, असे म्हणावे लागते.

दारूबंदी व मोहफुलांची मागणी

या विषयाची चर्चा दारूबंदीचा विचार केल्याखेरीज पूर्ण होत नाही. गडचिरोली जिल्ह्यात व्यापक लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून ती लागू झाली आणि राज्य मंत्रिमंडळाच्या २७ मे २०२१ च्या निर्णयाने ती उठवण्यात आली. दोन्ही जिल्ह्यांतील चळवळींचा कणा ग्रामीण स्त्रिया होत्या. व्यसनामुळे उद्ध्वस्त होणारे संसार, मारहाण आणि मजुरीचा पैसा गुत्त्यावर जाणे, हे त्यांचे प्रत्यक्ष अनुभव होते. मोहफुलांच्या अर्थकारणाचा विचार करताना या अनुभवांना बगल देता येत नाही.

दारूबंदीमुळे परवानाधारक दुकाने बंद झाली; चोरट्या मार्गाने येणारे मद्य व हातभट्टी मात्र उरली. पोलिसांनी नष्ट केलेल्या मोहसडव्याच्या बातम्या स्थानिक वृत्तपत्रांत नित्य दिसतात. या चोरट्या मागणीची नोंद कोठेही होत नाही. बाजारभावावर तिची छाया मात्र पडते. फुले महागली की, भट्टीवाला सडव्यात गुळाचे प्रमाण वाढवतो. म्हणजे तुटवड्याच्या वर्षी भाव एका मर्यादेपलीकडे चढू शकत नाही, तर सुकाळाच्या वर्षी तो खाली घसरण्यास अडथळा नसतो. वेचणाऱ्याला दोन्ही बाजूंनी तोटाच संभवतो.

फूल आणि दारू यांची गल्लत केल्यामुळे दोन्ही उद्दिष्टांची हानी झाली. फुलावर निर्बंध घालून हातभट्टी थांबली नाही, कारण तिला गुळाचा पर्याय उपलब्ध होता. दुसरीकडे, अन्न व चारा म्हणून फुलांचा वापर करणारे कुटुंब विनाकारण संशयाच्या कक्षेत आले. दारूबंदीचे समर्थन आणि फुलाच्या मुक्त व्यापाराचे समर्थन या परस्परविरोधी भूमिका आहेत, असे मानण्याचे कारण नाही. फुलाला मद्याबाहेर जितका चांगला भाव मिळेल, तितके ते भट्टीकडे जाण्याचे आकर्षण कमी होईल.

आधारभूत किंमत व ग्रामसभा

गौण वनोपजांसाठी किमान आधारभूत किंमत देण्याची केंद्रीय योजना २०१३-१४ मध्ये सुरू झाली. प्रारंभीच्या यादीत मोहाची बी होती. फुलाचा समावेश पुढे झाला. मे २०२० मध्ये वाळलेल्या मोहफुलाची आधारभूत किंमत किलोमागे १७ रुपयांवरून ३० रुपये करण्यात आली. या बदलाचा अर्थ एका साध्या हिशेबाने समजू शकतो. एखाद्या कुटुंबाने दोन क्विंटल वाळलेली फुले जमवली, असे मानल्यास जुन्या दराने ३,४०० रुपये, तर नव्या दराने ६,००० रुपये होतात. मार्च-एप्रिलमध्ये हाती येणारा २,६०० रुपयांचा हा फरक खरिपाच्या बियाण्याचे कर्ज टाळू शकतो.

तथापि, आधारभूत किंमत जाहीर होणे आणि ती हाती पडणे यांत अंतर असते. खरेदी केंद्र गावापासून दूर असेल, उशिरा उघडत असेल किंवा पैसे विलंबाने मिळत असतील, तर गरजू कुटुंब पुन्हा आठवडी बाजाराकडेच वळते. महाराष्ट्रात आदिवासी विकास महामंडळामार्फत एकाधिकार खरेदीची परंपरा आहे. त्या अनुभवाचा धडा असा की, रोखीने व वेळेवर होणारी खरेदी ही घोषित दराइतकीच महत्त्वाची असते.

२०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुलांचे संकलन, साठवणूक, वाहतूक व विक्री यांवरील निर्बंध शिथिल केले. हा निर्णय महत्त्वाचा आहे. परंतु कायद्याने परवानगी मिळाली म्हणजे साठवणुकीची क्षमता आपोआप निर्माण होते, असे नव्हे. येथे ग्रामसभांची भूमिका पुढे येते. पेसा कायदा, १९९६ आणि वनहक्क कायदा, २००६ यांनी गौण वनोपजावरील ग्रामसभेचा अधिकार मान्य केला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेला २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांची पुस्तिका मिळाली, तेव्हा वनोपजाचा व्यवहार गावाच्या हाती येऊ शकतो, हे सिद्ध झाले. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावसारख्या ग्रामसभांनी बांबूची तोड, मोजणी व विक्री स्वतः करून पारदर्शक हिशेब ठेवता येतो, हे दाखवून दिले.

बांबूच्या बाबतीत जे शक्य झाले, ते मोहफुलांच्या बाबतीत अधिक कठीण आहे. बांबू सर्वांच्या सामूहिक वनातून येतो व एकदम विकला जातो. मोहफूल कुटुंबागणिक वेचले जाते आणि अनेक गावांत विशिष्ट झाडांवर विशिष्ट कुटुंबांचा परंपरागत हक्क मानला जातो. त्यामुळे ग्रामसभेने सर्व फुले ताब्यात घेणे व्यवहार्य नाही. कुटुंबाने फुले ग्रामसभेच्या गोदामात ठेवावीत, त्यांच्या तारणावर काही रक्कम तत्काळ उचलावी आणि भाव सुधारल्यावर विक्री होऊन उरलेली रक्कम घ्यावी, अशी व्यवस्था मात्र शक्य आहे. धान्याच्या बाजार समित्यांत शेतमाल तारण योजना परिचित आहे. तिचेच हे वनोपजासाठीचे रूप ठरेल.

निष्कर्ष

मोहफुलांचे पीक वर्षागणिक कमी-अधिक होत राहील. मोहाचा फुलोरा व चैत्रातील आभाळ यांवर कोणत्याही शासनाचे नियंत्रण चालत नाही. भावातील चढउतार मात्र सर्वस्वी नैसर्गिक नाहीत. हंगामात सर्वांनी एकदम विकणे, मोजक्यांनी साठवणे आणि कायद्याने वेचणाऱ्याच्या साठ्याकडे संशयाने पाहणे, या तीन गोष्टींनी ते तीव्र केले आहेत. इंग्लंडमधील हॉप्सच्या इतिहासातही भरवशाचा साठा ज्याच्या हाती होता, तोच वाईट वर्षांतून तरला. संघटित झाल्यानंतरच उत्पादकाला स्थैर्य लाभले.

कायद्यातील अडसर २०२१ नंतर सैल झाला आहे. आता गावाच्या पातळीवर कोरडे गोदाम, तारणावर मिळणारी उचल, वेळेवर उघडणारे खरेदी केंद्र आणि आसपासच्या बाजारांतील भावांची माहिती यांची आवश्यकता आहे. या साधनांचा खर्च फार मोठा नाही. ती उपलब्ध झाल्यास एप्रिलमध्ये स्वस्तात विकलेले फूल श्रावणात महागात विकत घेण्याची पाळी त्याच कुटुंबावर येणार नाही. मोहाचा मोसम चांगला की वाईट, हे झाडाने ठरवावे. त्या मोसमाचे मोल मात्र वेचणाऱ्यालाही ठरवता आले पाहिजे.